कोंबड्यांना इंजेक्शन का दिले नाही?

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या चिरनेरचे नाव काही दिवस वर्तमानपत्रांत झळकत होते. एरवी ते छापून येते २५ सप्टेंबरच्या सुमारास, १९३० च्या जंगल सत्याग्रहातील हुतात्म्यांची आठवण काढताना, नाहीतर महागणपतीच्या देवळातील गर्दीमुळे. या वेळी कारण निराळे होते. परसातल्या कोंबड्या एकामागून एक मरू लागल्या, नमुने तपासणीला गेले आणि निदान आले बर्ड फ्लूचे. मग पशुसंवर्धन खात्याची माणसे आली. एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारण्यात आल्या आणि दहा किलोमीटरपर्यंतच्या गावांवर पाळत ठेवण्यात आली.

त्यानंतर चारच दिवसांनी माझ्या नेहमीच्या पेशंट असलेल्या एक आजी रक्तदाब तपासायला आल्या. त्यांच्याही सात-आठ कोंबड्या गेल्या होत्या. पट्टा दंडाला गुंडाळत असतानाच त्यांनी विचारले, "डाक्टर, आमाला ताप आला का तुमी इंजेक्शन देताव, गोल्या देताव. मंग त्या कोंबऱ्यांना एकेक इंजेक्शन दिला असता त काय झाला असता? मारल्या कशाला?"

बाहेर बाकावर वीसेक माणसे होती. मी "आजी, तो रोगच तसा असतो," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न साधा नव्हे. तो नीट समजला तर आपल्या दवाखान्यांतल्या निम्म्या गोळ्या कमी होतील असे मला वाटते. म्हणून आजचा लेख आजींच्या त्या प्रश्नावर.

सुरुवात पेशीपासून करावी लागेल. शाळेत आपण सगळेच कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहतो. विटा रचल्यासारखे चौकोन दिसतात, आपण ते वहीत काढतो, मास्तर सही करतात आणि विषय संपतो. त्या चौकोनांना इंग्रजीत 'खोली' या अर्थाचे नाव पडले ते रॉबर्ट हूक या इंग्रज माणसामुळे. १६६५ मध्ये त्याने बुचाच्या पातळ कापात तशा खोल्या पाहिल्या. आपण त्यांना पेशी म्हणतो. माणसाच्या शरीरात अशा सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. प्रत्येक पेशी खाते, श्वास घेते, बिघाड झाला तर दुरुस्ती करते, आणि बहुतेक पेशी एकीच्या दोन होतात. या पेशीहून लहान असे काहीही स्वतंत्रपणे जगत नाही.

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, हासुद्धा एक पेशीच असतो. मात्र त्याचे अख्खे शरीर तेवढ्या एकाच पेशीचे. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन भाग, एवढी आपल्या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूची लांबी. आपल्या अंगावर आणि पोटात मिळून जिवाणूंची संख्या आपल्या स्वतःच्या पेशींहून थोडी जास्तच भरते. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात आणि पुष्कळसे उपयोगी. रात्री विरजण लावून सकाळी दही होते तेही जिवाणूंचेच काम आहे. (हे मी एकदा महिला मंडळात सांगितले, तेव्हा एका बाईंनी श्रावणी सोमवारी दही चालेल का, असे विचारले होते. चालेल. जिवाणू प्राणीही नव्हेत आणि वनस्पतीही नव्हेत, त्यांचे कूळच वेगळे.)

ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली असेल. म्हशीची कास सुजली, गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, की त्या दिवसांतल्या दुधाचे दही धड लागत नाही. बाई विरजणाला दोष देतात, घरातला थंडावा काढतात. खरे कारण असे की इंजेक्शनातले औषध दुधात उतरते आणि ते विरजणातल्या जिवाणूंनाही मारते. अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, काय काम करते ते इतके स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. (ते दूध ठरावीक दिवस विकायचे किंवा प्यायचे नसते, हेही जाता जाता सांगतो.)

आता एक शंका येईल. जिवाणू ही पेशी, आपणही पेशींचेच बनलेलो, मग हे औषध त्याला मारते आणि आपल्याला का मारत नाही? याचे उत्तर दोघांच्या बांधणीतल्या फरकात आहे. जिवाणूच्या पेशीभोवती एक टणक भिंत असते. आपल्या पेशीला तशी भिंत नसते, नुसते नाजूक आवरण असते. पेनिसिलिन जिवाणूला ती भिंत बांधू देत नाही. गवंडी कामावरून उठवावेत, जुन्या भिंतीची पडझड चालूच राहावी आणि बाहेरून पाण्याचा लोंढा यावा, तसे होऊन जिवाणू फुगतो आणि फुटतो. आपल्या पेशीला भिंतच नाही, तेव्हा पेनिसिलिनला तिथे मोडायला काही सापडत नाही. दुसरी काही औषधे जिवाणूच्या आतले, प्रथिने तयार करणारे यंत्र बंद पाडतात. आपल्या पेशीतही तसे यंत्र असते, पण घडणीत वेगळे. सारी करामत या फरकांवर चालते. १९२८ मध्ये लंडनला फ्लेमिंगला जे बुरशीत दिसले, ते १९५५ पासून पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात बनू लागले आणि त्यानंतर आपल्याकडच्या किती बाळंतिणी आणि न्यूमोनियाची मुले वाचली याची मोजदाद नाही. या औषधांची निंदा करण्यासाठी मी लिहीत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बर्ड फ्लूचा विषाणू मात्र पेशी नव्हे. मघाच्या जिवाणूच्या साधारण विसाव्या भागाएवढी ती एक पुडी आहे. वर वेष्टन, आत आनुवंशिक मजकुराचे आठ तुकडे, बस्स. त्याला भिंत नाही, प्रथिने करायचे यंत्र नाही, खाणेपिणे नाही. तो कोंबडीच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रावर आपल्या हजारो प्रती काढून घेतो. मग पेनिसिलिनने तोडायचे काय? ज्या घराला भिंतच नाही त्याच्या भिंतीला सुरुंग लावण्यातला प्रकार. कोंबड्यांना इंजेक्शन का दिले नाही, याचे पहिले उत्तर हे. बर्ड फ्लूची लस आहे, काही देश ती कोंबड्यांना टोचतातही. पण लागण झालेल्या कोंबडीला लस देऊन ती वाचत नाही.

दुसरे उत्तर त्या आठ तुकड्यांत आहे. एकाच जनावराला एकाच वेळी पक्ष्यांचा आणि माणसांचा असे दोन फ्लू झाले, तर नव्या प्रती निघताना तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते आणि माणसात सहज पसरणारा नवाच विषाणू तयार होण्याचा धोका असतो. १९९७ मध्ये हाँगकाँगला पक्ष्यांचा हा फ्लू अठरा माणसांना झाला आणि त्यातली सहा दगावली. आपल्या देशात कोंबड्यांतली पहिली मोठी साथ आली तीही महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेव्हाही कोंबड्या माराव्याच लागल्या. विषाणूला प्रती काढायला पेशीच उरू द्यायच्या नाहीत, एवढाच त्यातला हिशेब. क्रूर वाटतो खरा. नीट शिजवलेल्या कोंबडीने किंवा अंड्याने हा रोग होत नाही. विषाणू ७० अंश सेल्सिअसला टिकत नाही आणि आपले रस्से त्याहून पुष्कळ तापतात.

पण आजींच्या प्रश्नाचा पूर्वार्ध तसाच राहिला. "आमाला ताप आला का तुमी इंजेक्शन देताव." सर्दी, नाक गळणे, बहुतेक खोकले, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या हे सारे विषाणूंचे आजार. त्यांत अँटिबायोटिकचा उपयोग कोंबड्यांना झाला असता तेवढाच, म्हणजे शून्य. तरीही आपण ती घेतो, आणि स्पष्टच सांगायचे तर आम्ही ती देतो. मी दिलेली आहेत. दवाखाना नवा होता तेव्हा इंजेक्शन न देता नुसता सल्ला देऊन पाठवलेला पेशंट बाहेर जाऊन "या डॉक्टरला काही येत नाही" असे सांगत असे. दुसऱ्या खेपेला मी गुमान चिठ्ठीवर एक कॅप्सूल वाढवी. तीन-चार दिवसांत ताप जाई, तो तसाही गेलाच असता, आणि श्रेय कॅप्सूलला मिळे.

त्याने बिघडते काय, हे कळायला आनुवंशिकता थोडी समजली पाहिजे. प्रत्येक पेशीत त्या जीवाचा सगळा नकाशा डीएनए नावाच्या लांब रेणूत लिहिलेला असतो. त्यातल्या एकेका वाक्याला जनुक म्हणू. माणसाकडे अशी सुमारे वीस हजार वाक्ये आहेत, आतड्यातल्या जिवाणूकडे चारेक हजार. पेशी दुभंगते तेव्हा या नकाशाची नक्कल होते आणि दोघींना एकेक प्रत मिळते. नक्कल करणारा कितीही काळजीपूर्वक लिहो, कुठेतरी काना-मात्रा चुकतेच. बहुतेक चुकांनी काही होत नाही, काही घातक ठरतात, आणि क्वचित एखादी चूक कामाची निघते. माणसाची पिढी बदलायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. आतड्यातल्या जिवाणूला, खाणेपिणे आणि ऊब नीट मिळाली तर, वीस मिनिटे पुरतात. या वेगाने एका जिवाणूचे दहा तासांत १०७ कोटी होतात. इतक्या नकला, मग चुका किती होत असतील!

उरण-पनवेलच्या वाचकांना पुढचे सांगायला मला खाजणातला भात पुरेसा आहे. उधाणाच्या भरतीला खारबंदिस्तीचा बांध फुटतो, शेतात खारे पाणी शिरते आणि भात जळतो. पण सगळा जळतो का? जाणत्या शेतकऱ्याने पाहिलेले असते की एखाद-दुसरे रोप हिरवे राहते. त्याच्यात खारे सोसण्याची ताकद जन्माचीच असते. त्याच रोपाचे बियाणे धरून पुढल्या वर्षी पेरले तर शेतभर खारे सोसणारा भात उभा राहतो. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२' या जाती दिल्या, त्यांच्या मुळाशीही निवडीचे हेच तत्त्व आहे.

शरीरातल्या जिवाणूंच्या शेतात अँटिबायोटिक हे असे खारे पाणी. साधे जिवाणू मरतात. ज्याच्या नकाशात योगायोगाने औषध सोसणारी चूक झालेली असते तो वाचतो, आणि भोवतालची जागा रिकामी झाल्याने तोच फोफावतो. औषधाने त्याला शिकवले नाही, औषधाने त्याला निवडले. हे नुसते तर्काने मांडलेले नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने ते मखमलीच्या कापडावर सिद्ध करून दाखवले. जिवाणूंचे ठिपके उठलेल्या बशीवर मखमल हलकेच दाबायची आणि तोच शिक्का औषध घातलेल्या दुसऱ्या बशीवर उठवायचा. औषधाच्या बशीत जे मोजके ठिपके तगले, त्यांच्या जागा पाहून मूळ बशीतले त्याच जागचे जिवाणू उचलले. त्यांना औषधाचा स्पर्शही झालेला नव्हता, आणि तरी ते औषध सोसत होते. म्हणजे ताकद आधीची होती, औषध नंतर आले.

इथवर भाताची उपमा चालते, पुढे ती अपुरी पडते. भाताचे रोप आपली ताकद बियाण्यातूनच पुढे देते, शेजारच्या उभ्या रोपाला देऊ शकत नाही. जिवाणू देतो. औषध सोसण्याचे जनुक डीएनएच्या सुट्या कड्यावर असले तर तो शेजाऱ्याला त्या कड्याची नक्कल देऊन टाकतो, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालते. जपानमध्ये १९५० च्या दशकात आमांशाचे जिवाणू एकदम तीन-चार औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा हा व्यवहार उघडकीला आला. म्हणून सर्दीसाठी घेतलेली कॅप्सूल सर्दीला काही करत नसली तरी निष्क्रिय नसते. ती आतड्यात जाते आणि तिथल्या निरुपद्रवी वस्तीत खारे पाणी सोडते. तिथे तगलेल्यांनी जनुके कोणाला वाटली हे आपल्याला दिसत नाही. पोल्ट्रीतही हेच होते. कोंबड्या लवकर वजनदार व्हाव्यात म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी आणली ती याच कारणाने, कारण कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी काढायचे औषध आहे.

क्षयरोगाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रोग्यात दहा कोटींपर्यंत जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला जन्मतःच दाद न देणारा जंतू ढोबळ मानाने दहा लाखांत एक सापडतो, म्हणजे त्या पोकळीत शंभरेक. एकटे आयसोनियाझिड दिले तर हे शंभर उरतील आणि पोकळी पुन्हा भरतील. स्ट्रेप्टोमायसिन नवे असताना ब्रिटनमध्ये तसे घडलेच. सुधारलेले रोगी पुन्हा आजारी पडले आणि मग औषध चालेना. दोन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू मात्र इतका दुर्मीळ की त्या पोकळीत बहुधा नसतोच. म्हणून चार औषधे एकदम सुरू करतात. पहिले दोन महिने चारही घ्यायची आणि पुढेही उपचार मोडायचा नाही. खोकला थांबला, वजन वाढले म्हणून तिसऱ्या महिन्यात मजुरीवर परत गेलेला रोगी मी पाहिला आहे आणि पुढे तो कसा परत आला तेही पाहिले आहे. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. त्यानंतर नवी औषधे आली आहेत, पण जंतूंच्या नकला काही थांबलेल्या नाहीत.

आजी पुन्हा आल्या त्या गेल्या पावसाळ्यात. ताप, थंडी, लघवीला जळजळ. त्यांना मधुमेह आहे, तेव्हा मी लघवी कल्चरला पाठवली. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यावर औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर, 'एस' म्हणजे चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. जंतू साधा होता, आतड्यातलाच. पण यादीतल्या पोटात घ्यायच्या जवळजवळ प्रत्येक गोळीपुढे 'आर' होते. 'एस' होते ते शिरेतून द्यायच्या दोन-तीन महागड्या इंजेक्शनांपुढे. ज्या दुखण्याला पूर्वी पाच दिवसांच्या गोळ्या पुरत, त्यासाठी आजी सात दिवस इस्पितळात राहिल्या. मुलाने रिक्षा बंद ठेवली. त्या बऱ्या झाल्या.

घरी आल्यावर मी त्यांना सांगितले, "आजी, घरात असतील नसतील तेवढी औषधे घेऊन या." त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात कातरलेल्या पट्ट्याच पट्ट्या. कुठे तीन कॅप्सूल, कुठे दोन गोळ्या, काहींवरचे नाव कापले गेलेले. पट्टीवर लाल उभी रेघ असली की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. तशा रेघेच्या सहा पट्ट्या निघाल्या. काही नातवाच्या खोकल्यातून उरलेल्या, काही औषधांच्या दुकानातून 'तापाच्या' म्हणून आणलेल्या, आणि एक, मला चांगले आठवते, माझ्याच चिठ्ठीवरची.

कोणी विचारील, मग ताप अंगावर काढायचा का? मुळीच नाही. आपल्याकडे आवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. तो जिवाणूचाच रोग, उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि पाण्यातून पायाच्या जखमेत येतो. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी किंवा पिवळी होणे अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे अँटिबायोटिक वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. कोणता ताप कोणाचा हे ठरवणे आमचे काम. कोर्स किती दिवसांचा हेही आम्हीच ठरवायचे. पूर्वी सरसकट दहा दिवस सांगत, आता बऱ्याच आजारांत पाच किंवा त्याहून कमीही पुरतात असे दिसून आले आहे. पण क्षयाचे तसे नाही. त्यामुळे "बरे वाटले, थांबवू का?" हे येऊन विचारा, घरी ठरवू नका. आणि डॉक्टरांनी नुसती पॅरासिटामॉल दिली, पाणी प्या म्हणाले आणि तीन दिवसांनी परत बोलावले, तर दुसरा दवाखाना शोधू नका.

डबा मी टेबलावर उपडा केला आणि आम्ही दोघे निवडत बसलो. एक कॅप्सूल उचलून आजी म्हणाल्या, "ही चांगली हाय. हिनं ताप दोन दिसान गेलता." मी विचारले, नाकही गळत होते का? "गलत होता." मग तो फ्लूचाच असणार, गोळीने गेला नाही, म्हणून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे जी कोंबऱ्यांना देऊन फायदा नव्हता, ती मी खात व्हते?"

मी हो म्हणालो. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या परत डब्यात ठेवल्या. बाकीच्या मी ठेवून घेतल्या.